पिंग तर होतंय!

चांगली बातमी सांगायला आयटीवाल्याला कोणी फोन करत नाही. "सगळं सुरळीत चाललंय हो, सहज केला," असा फोन मला तेवीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आलेला नाही. त्यामुळे सोमवारी सकाळी साडेआठला डिझाइनच्या ताईंचं नाव फोनवर दिसलं, तेव्हा हातातला चहा मी न पिताच खाली ठेवला.

"अहो, फोल्डर दिसतायत, पण ड्रॉइंग उघडत नाहीये."

"एक की सगळीच?"

"सगळीच. नुसतं गोल गोल फिरतंय. थांबा हं... आता फोल्डरपण दिसेनात."

आमचा कारखाना भोसरीच्या एमआयडीसीत. पंपांचे आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग होतात. गेल्या वीस वर्षांची ड्रॉइंग एका स्टोरेजवर ठेवलेली आहेत आणि मागेल त्याला ती काढून द्यायचं काम एका सर्व्हरचं. साहेबांना मी हे नेहमी किराणा दुकानाच्या भाषेत सांगतो. सर्व्हर म्हणजे गल्ल्यावर बसलेले शेठ, स्टोरेज म्हणजे मागचं गोडाऊन, आणि दोघांच्या मधे पोती वाहणारा हमाल म्हणजे नेटवर्कचा स्विच. शेठच्या फळीवर पाव किलो साखर नसते, पण गिऱ्हाइकाला ते कळत नाही. या व्यवस्थेला एनएफएस म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं ती १९८४ मध्ये काढली, आणि तिचं सगळं कौतुक एवढ्याचसाठी, की दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच घरच्या कपाटात आहे असं वाटावं. चालू असते तोवर वाटतंही. बंद पडली, की आपलंच कपाट आपल्याला ओळख दाखवत नाही.

मी खुर्चीत बसलो आणि जगातला कुठलाही नेटवर्कवाला सगळ्यात आधी जे करतो तेच केलं. सर्व्हरवरून स्टोरेजला पिंग केलं. लगेच उत्तर. एक मिलिसेकंदही लागला नाही.

"पिंग तर होतंय," मी म्हणालो.

हे वाक्य माहिती म्हणून कोणी बोलत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते अटकपूर्व जामिनासारखं असतं. 'पिंग तर होतंय' याचा अर्थ, माझी वायर माझ्या जागी आहे, माझं काम मी केलेलं आहे, यापुढे जे काही घडलं असेल ते दुसऱ्या कोणाच्या तरी हद्दीत घडलेलं आहे. पोलीस चौकीत "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणतात ना, तेच. फक्त आम्ही पुराव्यासकट म्हणतो.

बिचाऱ्या पिंगचा जन्म याच्यासाठी झाला नव्हता. माइक म्यूस नावाच्या अमेरिकी माणसानं १९८३ च्या डिसेंबरमध्ये तो प्रोग्रॅम लिहिला. तो अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून त्यानं एका संध्याकाळी बसून हे लिहून टाकलं. समुद्रात पाणबुडी शोधायला सोनारचा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव ठेवलं. म्यूसनंच सांगून ठेवलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका नेटवर्कवाल्याकडे वायरचा जोड कुठेतरी मधूनच सुटत होता. त्यानं पिंगला बोलणारा प्रोग्रॅम जोडला, स्टिरिओचा आवाज सहन होईल तितका मोठा केला आणि कॉम्प्युटर 'पिंग, पिंग, पिंग' असा ओरडत असताना हा गृहस्थ इमारतभर एकेक जोड हलवत हिंडला. आवाज जिथे थांबला तिथे दोष. आमच्याकडे हे जमलं नसतं. प्रेस शॉप चालू असतं तेव्हा शेजारी उभा असलेला माणूस आपल्याला शिव्या देतोय की वाढदिवसाच्या शुभेच्छा, हे कळत नाही.

पण पिंग घेऊन काय जातो, तेही पाहा. लिनक्सवरच्या पिंगच्या पिशवीत ५६ बाइट असतात. देवनागरीतली एकेक खूण तीन बाइट खाते. म्हणजे "काय, कसं काय? मजेत?" एवढं भरलं की पिशवी संपत आली. समोरून तेच परत येतं. लग्नाच्या पंगतीत भेटणाऱ्या चुलतभावांचं असंच असतं. "काय, मजेत?" "मजेत." बघणाऱ्याला वाटतं, काय प्रेम आहे! आणि वडिलोपार्जित जमिनीचा दावा साताऱ्याच्या कोर्टात बावीस वर्षं पडलेला असतो. पिंग चालू, फाइल बंद.

असो. सोमवार सकाळ.

स्टोरेजवर जागा किती उरली आहे ते बघावं म्हणून मी सर्व्हरवर एक साधी कमांड दिली. ती गेली ती गेलीच. कर्सर लुकलुकतोय. दुसरी विंडो उघडून फाइलींची यादी मागितली. तीही गेली. मग तिसरी विंडो. अर्ध्या तासात माझ्या स्क्रीनवर सहा विंडो आणि सहा लुकलुकणारे कर्सर. दिवाळीतल्या माळेसारखं दृश्य. याचं कारण असं, की आमचं माउंट, म्हणजे सर्व्हरला स्टोरेज जोडून घ्यायची पद्धत, 'हार्ड' प्रकारचं आहे. 'सॉफ्ट' माउंट थोडा वेळ वाट बघतं आणि 'जमत नाही' सांगून मोकळं होतं. हार्ड माउंट उत्तर येईपर्यंत उभं राहतं. विटेवर. डेटाच्या दृष्टीनं हार्डच बरं, कारण अर्धवट लिहिलेलं ड्रॉइंग म्हणजे अर्धवट फिरलेला गिअर. पण ज्या प्रोग्रॅमनं फाइल मागितली तोही त्याच्याबरोबर उभा राहतो. चालू प्रोग्रॅमच्या यादीत त्याच्यासमोर 'डी' असं अक्षर येतं. लिनक्समध्ये त्याला न मोडणारी झोप म्हणतात. आमच्याकडे दुसऱ्या पाळीतही तसे काही लोक आहेत, पण त्यांच्यासमोर अक्षर येत नाही.

सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ होती: समोरचा उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहेत. त्यानंतर काही मिनिटांनी दुसरी ओळ: समोरचा ओके. त्यानंतर पुन्हा पहिली. असं पानभर. घरोघरच्या भांडणांची रोजनिशी कोणी लिहिली तर ती फार वेगळी दिसणार नाही.

एव्हाना साहेब आले. साहेबांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला, एक ड्रॉइंग उघडलं, ते झटकन उघडलं. "माझं तर उघडतंय. मग सिस्टीम बंद कशी?" साहेबांच्या फाइली स्टोरेजवर नसतात, डेस्कटॉपवर असतात. स्टोरेजला लाखो रुपये लागले होते, त्यावर सही साहेबांचीच होती, पण भरवसा डेस्कटॉपवर. मी एवढंच म्हणालो, की तुमच्या फाइली जवळ आहेत. साहेब म्हणाले, "मग सगळ्यांच्या जवळ ठेवा ना." वितरित संगणनाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाला इतकं सडेतोड उत्तर मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

पुस्तकात म्हटलंय, नेटवर्कचे सात थर असतात आणि बिघाड शोधताना खालच्या थरापासून वर चढत जावं. गोविंदांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. खालच्या थराचा खांदा सरकला तर वरचा बाळगोपाळ कितीही गुणी असो, मटकीपर्यंत पोचत नाही. आम्ही खालून सुरुवात केली. केबल लागलेली. दिवे हिरवे. दिवे नुसते हिरवे नव्हेत, उत्साहानं मिचकावत होते. सर्व्हर रूममध्ये काही बिघडलं की दिवे इतके आनंदी का असतात, हे मला कधी समजलेलं नाही. केबल काढून पुन्हा लावली. दुसरी लावली. तिसरी लावली, ती छोटी निघाली. आमचे मामा, म्हणजे ऑफिसचं सगळं बघणारे मामा, दारात उभं राहून म्हणाले, "उंदीर असंल." गेल्या पावसाळ्यात खरंच उंदीर होता. तेव्हापासून मामांच्या मते कारखान्यातला प्रत्येक बिघाड उंदीर आहे, वीजबिल जास्त आलं तरी.

दुसऱ्या थरावर मला प्रिंटरची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी हिशेब विभागात नवा प्रिंटर आला आणि बसवणाऱ्यानं त्याला आपल्या मनानं एक आयपी पत्ता देऊन टाकला. तो नेमका स्टोरेजचा निघाला. एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. सर्व्हर मोठ्या विश्वासानं प्रिंटरचं दार वाजवायचा आणि ड्रॉइंग मागायचा. प्रिंटर दार लावून घ्यायचा. मधेच खरं स्टोरेज उत्तर द्यायचं, की पुन्हा सगळं सुरळीत. चोर सापडला तो मॅक पत्त्यावरून; त्याच्या पहिल्या सहा खुणांवरून बनवणारी कंपनी ओळखता येते, आणि आमच्या 'स्टोरेज'ची कंपनी शाई विकणारी निघाली. या वेळीही मी आशेनं मॅक पत्ता पाहिला. बरोबर होता. गुन्हेगार नेहमीचा नसला की तपास करणाऱ्याचा किती हिरमोड होतो, हे पोलिसांना विचारा.

मग तो उपाय केला, जो सगळ्यांना माहीत असतो आणि मी कधी कबूल करत नाही. सर्व्हर रिस्टार्ट केला. बंद व्हायलाच वीस मिनिटं लागली, कारण जाता जाता त्याला स्टोरेजचा रीतसर निरोप घ्यायचा होता आणि स्टोरेज बोलत नव्हतं. पुन्हा चालू झाला तेव्हा माउंट झालं, फोल्डर दिसले. "आलं!" असा पुकारा झाला. साहेबांनी मान डोलावली. मामांनी चहा आणला. ताईंनी गिअरबॉक्सचं ड्रॉइंग उघडलं आणि सगळा कारखाना पुन्हा गोल गोल फिरायला लागला. हा विधी आम्ही दुपारपर्यंत तीनदा केला. तिन्ही वेळा मामांनी चहा आणला.

दुपारी तीनला कॉन्फरन्स कॉल लागला. सर्व्हरवाले, स्टोरेजवाले, स्विचवाले आणि मी. या तिन्ही कंपन्यांची नावं मी घेणार नाही, कारण त्यांच्याकडून मला अजून पुष्कळ सर्व्हिस घ्यायची आहे. पहिली वीस मिनिटं प्रत्येकानं "आमच्या एंडनं सगळं क्लिअर आहे" हे सिद्ध करण्यात गेली. सर्व्हरवाल्यानं स्टोरेजला पिंग केलं. स्टोरेजवाल्यानं सर्व्हरला पिंग केलं. स्विचवाल्यानं दोघांना केलं. सगळी पिंग झाली. तिन्ही एंड क्लिअर आणि मधे माझा कारखाना बंद. मग फर्मवेअरचा विषय निघाला. फर्मवेअर अपडेट करा, हा सल्ला म्हणजे डॉक्टरांचं 'पाणी भरपूर प्या'. चूक तर नसतो, आणि तोवर पुढचा पेशंट आत घेता येतो.

शेवटी स्टोरेजवाल्या पोरानं तो प्रश्न विचारला. "सर, गेल्या दोन-तीन दिवसांत तुमच्याकडे काही बदल झालाय?"

"नाही. काहीच नाही," मी म्हणालो.

पोट बिघडलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, बाहेरचं काही खाल्लं होतं का. तो म्हणतो, छे, काहीच नाही. तो खोटं बोलत नसतो. पाणीपुरी त्याच्या हिशेबात 'बाहेरचं' नसते, ती नेहमीची असते. तसाच मी. शनिवारी संध्याकाळी मी स्विच बदलला होता. जुन्याचा पंखा सहा महिने घरघरत होता, म्हणून नवा घेतला. पण तो माझ्या मनात बदल नव्हता, सुधारणा होती. आणि नवा स्विच बसवून गेलेला माणूसही त्या कॉलवर होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असतं, पण कॉल ऑडिओ होता.

संध्याकाळी साडेसात वाजता ऑफिसात मी, मामा आणि आमच्याकडे शिकायला आलेला डिप्लोमाचा एक पोरगा उरलो. तो दिवसभर काही बोलला नव्हता, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "सर, पिंगची साइझ वाढवून बघू का?"

साधं पिंग: गेलं. १००० बाइट: गेलं. १४७२: गेलं. १४७३: शांतता.

एका बाइटनं. दिवसभरात मी पाहिलेली ती पहिली प्रामाणिक गोष्ट होती. १४७२ बाइटच्या पिशवीला पिंगचा आणि आयपीचा मिळून २८ बाइटचा कागद चिकटतो, की झाले बरोबर १५००. इथरनेटच्या एका खेपेत १५०० बाइटपर्यंत माल न्यावा, हे १९८० पासून ठरलेलं आहे. पण आमच्या सर्व्हरला आणि स्टोरेजला मोठी पोती उचलायची सवय होती, ९००० बाइटची. त्यांना जंबो फ्रेम म्हणतात. खेपा कमी होतात, कागद कमी लागतात, काम भराभर होतं. अट एकच. शेठ, गोडाऊन आणि मधला हमाल या तिघांनाही ती पेलली पाहिजेत. नवा हमाल कंपनीतून आला होता तसाच उभा होता. १५०० च्या वर हात लावायचा नाही, अशी त्याची मुळातलीच शिकवण.

आणि तो नाही म्हणत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. मधे राउटर असता तर निदान 'पार्सल मोठं आहे हो' असा निरोप मागे पाठवायची त्याला रीत असते. साधा स्विच मोठं पोतं बघतो, टाकून देतो आणि स्वतःच्या वहीत एक काडी ओढतो. ना तक्रार, ना उत्तर. आम्ही ती वही उघडली. 'जायंट्स' नावाच्या रकान्यात चार आकडी संख्या होती. दिवसभर ती तिथेच होती. कोणी विचारलं नव्हतं, त्या डिप्लोमाच्या पोरासारखंच.

एका ड्रॉइंगमुळे सगळ्यांचं का अडकत होतं, तेही आता उलगडलं. टीसीपी, म्हणजे हा माल वाहून नेण्याचा नियम, क्रमाचा पक्का आहे. आधी निघालेलं आधी पोचल्याशिवाय मागच्याला आत घेत नाही. वाड्याच्या अरुंद जिन्यात गोदरेजचं कपाट वर चढवताना वळणावर अडकावं आणि त्याच्यामागे भाजीची पिशवी, दुधाची पिशवी, शाळेतून आलेली पोरं अशी सगळी रांग खालपर्यंत खोळंबावी, तसं. त्याच वेळी पिंग हे एवढंसं पोर, त्या जिन्यानं न जाता गॅलरीच्या शिडीवरून टुणकन वर जातं आणि ओरडतं, "रस्ता मोकळा आहे!"

स्विचवाल्याला फोन केला. त्यानं दोन मिनिटांत एक ओळ सांगितली. ती टाकली, स्विच रिस्टार्ट केला, ८९७२ बाइटचं पिंग मारलं. गेलं. रात्री सव्वानऊला मी स्वतः ताईंचं गिअरबॉक्सचं ड्रॉइंग उघडलं. ते इतक्या झटकन उघडलं, की मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मामांनी या वेळी चहा आणला नाही. म्हणाले, "आधी बघू, ऱ्हातंय का."

मंगळवारी सकाळी साहेबांना द्यायला घटनेचा अहवाल लिहायला बसलो. कारण, परिणाम, उपाय. शनिवारच्या कामाचा माझाच रिपोर्ट जोडावा म्हणून शोधला. त्यात चाचणीच्या रकान्यात माझ्या हातचे दोन शब्द होते: 'पिंग ओके'.

त्याच्याच शेजारी आणखी एक फाइल सापडली. जुना स्विच काढण्याआधी त्याच्या सगळ्या सेटिंग्ज मी उतरवून ठेवल्या होत्या. इतकी काळजी मी घेतो. मधोमध, सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलेली ओळ होती, जंबो फ्रेम ९२१६. त्याच्यावर माझीच टीप: 'हे काढू नये, स्टोरेज बंद पडेल.' सोमवारी दिवसभर ती फाइल मी उघडू शकलो नसतो. ती स्टोरेजवर ठेवलेली होती आणि तिचा आकार होता ११ केबी.

आता तिची छापील प्रत स्विचच्या रॅकच्या दाराला चिकटपट्टीनं लावली आहे. मामांनी तिच्याखाली उंदराच्या औषधाची वडी ठेवली आहे.